नान प्रांताचा भूगोल

धनराज झोपे गेल्या पौषात तिकडे गेला,
केळीच्या रोपांची कंपनी, तीन वर्षांचा करार.
फोनवर म्हणाला, सर, थायलंडातल्या या प्रांताचं नाव नान.
मी फळ्यावर लिहिलं तर मागच्या बाकावरून कुणीतरी :
सोबत भाजी कुठली?
हसू द्यावं लागतं. आश्रमशाळेत शेवटच्या तासाला
भूक हा एकच विषय सगळ्यांना येतो.

शाळेच्या नकाशात नान नाही. खडूनं काढला मी.
उत्तरेला, पूर्वेला डोंगर, पलीकडे लाओस.
आपल्या चोपड्याच्या उत्तरेला सातपुडा, पलीकडे मध्य प्रदेश,
एवढं म्हटलं की रुमलीचा हात वर.
तिचा मामा पलीकडचा.
तिकडच्या कागदावर तो बारेला,
इकडे माझ्या हजेरीत ही पावरा.
चूल एक, धूर एक.
खाली बस म्हटलं तिला. पोर्शन राहतो.

नदीचंही नाव नान. मुकाट दक्षिणेला जाते,
आपल्या तापीसारखं चारचौघींशी वाकडं घेऊन
सूर्याच्या मागे लागत नाही.
पण एकदा तिनंही कूस बदलली,
सगळं नगर उचलून टेकाडावर गेलं,
आणि पस्तीसेक वर्षांनी, समजूत पटल्यासारखं, खाली आलं.
हतनूरच्या पाण्याखालची आपली गावं परत आली नाहीत.
एसटीच्या पाटीवर नावाआधी 'नवे' लावून
ती अजून फिरतात.

राजे होते. आजोबांच्या लहानपणापर्यंत होते.
आपल्या थाळनेरलाही होते,
आता तापीकाठच्या बुरुजावर शेरडं उन्हाला बसतात
आणि कुणालाच मुजरा करत नाहीत.

मग मीठ. समुद्र कुठल्या कुठे,
आणि डोंगराच्या पोटात खाऱ्या पाण्याच्या विहिरी.
बाया कढईत पाणी आटवतात, टोपलीत मीठ निथळतं.
मी सांगितलं, आपल्याकडे ते बैलांच्या पाठीवरून यायचं,
लवण वाहणारे ते लमाण, असं जुनी माणसं सांगायची.
गुलसिंग म्हणाला, त्याची पणजी
मुठीएवढ्या मिठाला पायलीभर मोहाची फुलं द्यायची.
हे कुठल्याच पुस्तकात नाही.
मी त्याला वहीत लिही म्हटलं,
मग वाटलं, मीच लिहायला हवं.

लोक सांगायचे राहिले होते.
रानात फिरणारी एक जमात आहे तिकडे, धनराजनं सांगितलेलं :
केळीच्या पानांचं छप्पर घालतात,
पानं पिवळी पडली की उठतात, पुढं जातात.
त्यांना म्हणतात पिवळ्या पानांची भुतं.

वर्ग गप्प. भूत म्हटल्यावर हसतील वाटलं होतं.
रुमली पुन्हा उभी :
सर, त्या सोताले काय म्हंतस?

मला माहीत नव्हतं.
बावीस वर्षं शिकवतोय, हा प्रश्न
मी कुठल्याच लोकांबद्दल विचारला नव्हता.
रात्री फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटलेली.
धनराज झोपेत म्हणाला, थांबा, उद्या विचारून सांगतो,
आणि तीन दिवसांनी आला निरोप :
म्लाब्री. म्हणजे रानातली माणसं. बस एवढंच.

फळ्यावर लिहिलं. ब्री म्हणजे रान, मला आवडलं.
रुमलीची जागा रिकामी होती.
तिचा बाप अडावदच्या वाटेवर कांदेबाग राखायचा,
भाव चढला म्हणून घड आठवडाभर आधीच कापले,
ट्रक भरले, माणसं उठली.
कुठं गेली? कुणी शिरपूर म्हणालं, कुणी गुजरात.

संध्याकाळी सायकल त्या वाटेनं घेतली.
खोडं आडवी, चिकाचे डाग पडलेली माती,
कोपऱ्यात त्यांची झोपडी.
आत तीन दगड, एक फुटका क्रेट,
भिंतीच्या कुडात खोचलेला माझ्या शाळेचा खडू.

वर पाहिलं.
छपराची पानं
अजून हिरवी होती.