हातचे दोन

शेफील्डला, गणिताच्या विभागात, तिसऱ्या मजल्यावर
टपाल फोडायचं काम माझं. एकवीस वर्षं झाली.
जाहिरातींची पाकिटं पातळ असतात.
जाड पाकीट आलं की समजायचं,
कुणीतरी पुन्हा जग सोडवलंय.

त्यांच्यासाठी एक खण आहे, खालचा, जरा अडकतो.
वर्तुळाएवढा चौरस काढणारे एक निवृत्त दंतवैद्य:
त्यांना कुणी सांगितलेलं नाही की ते दार
शंभरावर वर्षांपूर्वीच भिंत निघालं.
विषम परिपूर्ण संख्येच्या शोधात ग्रिम्सबीच्या एक बाई;
दोन हजार वर्षं ती कुणाला दिसली नाही,
नाहीच, असंही कुणाला म्हणता आलं नाही,
लग्नाचं स्थळ अडून राहावं तसं.
आणि सम संख्या दोन मूळ संख्यांत फोडणारे, ते तर ढिगाने.
तो प्रश्नच म्हणे एका पत्राच्या समासात जन्मला,
पावणेतीनशे वर्षांपूर्वी.
तेव्हापासून टपाल थांबलेलं नाही.

उत्तर ठरलेलं. मीच टाइप करते:
आपण पाठवलेली सिद्धता लक्षपूर्वक वाचली.
अमुक पानावर तर्क तुटतो.
आपल्या आस्थेबद्दल आभार.
अमुकची जागा तेवढी भरायची.

आर्नल्ड थ्वेट वर्षातून एकदाच लिहितात, नोव्हेंबरात.
जन्मभर सुऱ्यांना धार लावली, अक्षरही तसंच.
कागद बंद पडलेल्या कारखान्याच्या बिलांचा, पाठकोरा.
त्यांचा प्रश्न पोरखेळ वाटावा असा:
कुठलीही संख्या घ्या. सम असेल तर निम्मी करा,
विषम असेल तर तिप्पट, वर एक.
पुन्हा. पुन्हा. शेवटी एकावर येतेच.
का येते, कुणाला माहीत नाही.
गारा जशा ढगात वर-खाली, वर-खाली,
आणि मग तुमच्या पायरीवर, असं ते लिहितात.
गेल्या खेपेला ताजा कलम होता, माझ्यासाठी:
"तुम्ही नुसती पाकिटं फोडता.
सत्तावीस घेऊन बघा एकदा."

बावन्न नंबरच्या बसमध्ये घेतला.
सत्तावीस. ब्याऐंशी. एक्केचाळीस. एकशे चोवीस.
बसही तशीच, या गावात सपाट असं काही नाही.
नोकरी इंग्रजीत करते, हिशोब अजून मराठीत.
सातशे नव्वद. तीनशे पंच्याण्णव.
अकराशे शहाऐंशी. पाचशे त्र्याण्णव.
पंधराशे ऐंशी.
सातशे नव्वद.

हा येऊन गेला होता.
वर पाहिलं. होता.
म्हणजे ही कधी खाली येणारच नाही,
घाण्याला जुंपल्यासारखी फिरत राहील,
आणि इतकी वर्षं, इतकी यंत्रं लावून
जे कुणाला सापडलं नाही ते
माझ्या वाणसामानाच्या यादीमागे,
कोथिंबीर आणि दुधाच्या पाठीला.
माझा थांबा केव्हाच गेला.
क्रुक्सच्या टोकाला ड्रायव्हर म्हणाला, "लव्ह, बस इथवरच."

प्राध्यापकांना दाखवायची लाज वाटली.
थ्वेटना पाठवलं. एकच पान,
पण पेटीत टाकताना जाड लागलं.

चौथ्या दिवशी पाठकोऱ्या बिलावर उत्तर:
आपण पाठवलेली सिद्धता लक्षपूर्वक वाचली.
अडतिसाव्या पायरीवर तर्क तुटतो.
आपल्या आस्थेबद्दल आभार.
आणि खाली, बारीक: "५९३ पुन्हा तिप्पट करा."

केली. ऑफिसचं दार लावून, मोठ्याने.
तीन त्रिक नऊ.
तीन नव्वे सत्तावीस, सात लिहिला, हातचे...
बार्शीच्या शाळेत मगर बाईंची पट्टी
नेमकी याच जागी आपटायची.
ज्या सत्तावीसने बसवलं होतं बसमध्ये,
त्याच्याच दोनाला मी खाली उतरवून आले.

ते पत्र खालच्या खणात टाकलेलं नाही.
सतराशे ऐंशीपासून पुढे चालू आहे, रोज थोडं,
घरी जाताना. हातचे आता बोटांवर धरते.
काल नऊ हजार दोनशे बत्तीसला पोचले.
इथून चढ आहे की उतार,
थ्वेटना विचारलेलं नाही.