मोड

वडगावचा माग सातला थांबतो,
टिळकवाडीचा क्लास साडेसातला.
हलगेकर सर फळ्यावर लिहितात: क्लाउड.

शेजारची शिवलीला पुटपुटते, मोड.
मी म्हटलं, मोड मटकीला येतात,
फडक्यात बांधून ठेवली की.
हसली. ढग गं,
आमच्यात मोड म्हणतात त्याला.
वहीत क्लाउडपुढे ढग, मोड,
आणि चुकून मटकी.

थ्रेड मात्र मला सांगावा लागला नाही.
तुटला की अख्खं काम कसं अडतं, तेही.
सर म्हणाले, आधी कुठं शिकलीस?

रात्री आईनं विचारलं, आज काय?
म्हटलं, आपलं सामान परक्याच्या खोलीत ठेवायचं,
लागेल तेवढंच वापरायचं, भाडं महिन्याला.

कांडी भरता भरता ती म्हणाली,
बावीस वर्षं तेच करतोय की आपण,
इंग्लिश कशाला त्याला?