हातचा

सात तारखेला मधल्या सुट्टीनंतर
कार्यालयाबाहेर आमची रांग लागते.
मुलांना सांगतो तशीच, एकामागे एक, बोलायचं नाही.
आत टेबलावर रजिस्टर असतं आणि खाकी पाकिटं.
रजिस्टरात सत्तावीस हजार चारशे,
पाकिटात नऊ हजार.
मध्ये एक रुपयाचं तिकीट,
तेवढं मात्र पूर्ण किमतीचं.

सक्सेना बाबू ओल्या स्पंजवर बोट टेकवून म्हणतात,
यहाँ, मैडम.
अकरा वर्षं मी तिथे सही करते आहे.
पहिल्या वर्षी हात थबकला होता.
दुसऱ्या वर्षी नाही.

मी तिसरीला गणित शिकवते.
घरात आम्ही ज्याला हातचा म्हणतो
त्याला इथे वर्गात हासिल म्हणायचं.
हासिल, म्हणजे मिळालेलं.
हातचा, म्हणजे हातात असलेलं.
दोन्ही भाषा किती विश्वासाने बोलतात!

संस्थेच्या अध्यक्षांच्या लेकीचं लग्न झालं
तेव्हा आम्हाला ड्यूटी लागली होती.
मी फाटकाशी उभी राहून
पाहुण्यांच्या गाड्यांचे नंबर लिहून घेतले, सुवाच्य अक्षरात.
भदौरिया सर शीतपेयांच्या क्रेट मोजत होते.
नसरीनचे वडील त्याच आठवड्यात गेले,
तिचे तीन दिवस कापले,
आणि चौथा अर्धा, कारण ती उशिरा आली
आणि रडून आली.

हे सगळं आम्ही स्टाफरूममध्ये बोलायचो,
पंखा लावून,
म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.
जानेवारीतसुद्धा पंखा.

मग संस्कृतला राजोरिया आला. तेवीस वर्षांचा,
मफलर आईने विणलेला, पहिलाच पगार.
पाकीट उघडून तिथेच मोजलं त्याने
आणि मोठ्याने विचारलं,
बाकीचे कोणाचे आहेत?
वर्गात असा प्रश्न आला तर मी शाबास म्हणते.
तिथे कोणीच काही म्हणालं नाही.
खिडकीत कबुतर होतं, ते उडालं.

पुढचा नंबर माझा.
मी सही केली. खाली लिहिलं,
मिळाले नऊ हजार फक्त.
ते 'फक्त' सवयीने आलं, चेकवर लिहितात तसं,
पण लिहिल्यावर बराच वेळ बघत राहिले.
बाबूंनी चष्मा काढला.
म्हणाले, पेन्सिलीने तरी लिहायचं.
आणि मला दिसलं,
स्वतःच्या नावाची ओळ त्यांनी
तळहाताने झाकून ठेवली होती.

पेन मी नसरीनकडे दिलं.

रात्री दहाला मोबाइलवर निरोप आला,
उद्यापासून येण्याची तसदी घेऊ नये.
खाली दोन जोडलेले हात.

आज जिन्सी नाल्यावर धुकं असं आहे
की किल्ला आहे, असं धरून चालायचं,
बीजगणितात धरतो तसं.
फाटकाबाहेर आम्ही, आतून कुलूप.
ई-रिक्षा येतात, पोरं उतरतात,
सवयीने एका सुरात गुड मॉर्निंग म्हणतात
आणि मग गोंधळतात,
बाई बाहेर कशा?
माझ्या वर्गातला विहान स्वेटरची बाही चावत उभा राहिला,
शेवटी चौकीदाराने त्याला दंडाला धरून आत नेलं.

भदौरिया सर म्हणाले, मोजून घेऊ.
पीटीची सवय.
अकरा भरले.
दमयंती तांबे आली नव्हती.
तिच्या दोन मुली ह्याच शाळेत, फी माफ,
नवरा मालनपूरच्या कारखान्यातून सुटलेला.
काल माझ्यानंतर तिसरी सही तिची होती,
खाली नऊ हजार लिहून
तिने पेन इतकं दाबलं होतं
की मागच्या पानावर उमटलं.

कोणी म्हणालं, भित्री.
कोणी म्हणालं, जाऊ दे.
थर्मासचं झाकण फिरत होतं, चहा संपत आला होता.
सरांच्या कागदावर अकरा लिहिलेलं,
त्याच्या डोक्यावर, जिथे मुलांना लिहायला लावते तिथे,
मी बारीक एक काढला.
विचारलंच त्यांनी, हे काय?

हातचा, म्हटलं.
विसरू नका धरायला.