कोपर

शहाणे सांगतात, वारा वाहील तशी पाठ द्यावी.
व्हिलाद्सचा नियम उलटा:
आधी छाती द्यायची, पाठ परतताना.
म्हणून रविवारी सकाळी सातला
अग्गरच्या चर्चमागे आम्ही दोघं.
तो टायर चाचपत नाही, आकाश बघत नाही,
डॅनिश झेंड्याच्या दोरीकडे कान देतो.
दोरी खांबावर ताडताड आपटतेय.
"सतरा," तो म्हणतो. "झोतात बावीस."
सेकंदाला मीटर.

खोल रिमची चाकं मी घरीच ठेवलीत.
गेल्या मार्चमध्ये त्यांनी मला
रस्त्यावरून उचलून गवतात नेऊन ठेवलं होतं,
हळूच, अंडी ठेवावीत तसं.

एका हाताला समुद्र, एका हाताला खाडी,
मधे जमिनीची ही फीत, तिच्यावर एक रस्ता,
आणि फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत
आडोसा म्हणावा असं एक झाड नाही.
मेंढ्या आहेत.
त्या सगळ्या वाऱ्याकडे कुल्ले करून उभ्या.
म्हण त्यांना पाठ आहे.

घड्याळात चौदा. सपाट रस्त्यावर, चौदा.
चढाला निदान माथा असतो,
इथे चढ नुसता पसरून ठेवलाय.
बोलायची सोय नाही:
तोंड उघडलं की शब्द मागच्या मागे जातो,
बदल्यात वाळू येते.

गेली नऊ वर्षं मी या पाठीमागे आहे,
डावीकडे, अर्धं चाक आत,
वारा जिथे जरा विसरतो तिथे.
निळ्या जर्सीला तीन खिसे.
एकात केळं, एकात पंप,
मधल्यात काय, ते विचारायचं राहून गेलंय.

सातव्या किलोमीटरला त्याचं डावं कोपर हललं.
मला वाटलं, माशी.
मग आठवलं, या वाऱ्यात माशी कुठली.
पुन्हा हललं.
आणि तो उजवीकडे सरकला, वाऱ्याच्या अंगाला,
दार धरून बाजूला व्हावं तसा.

वाऱ्यावर सोडणं म्हणतात ते हे.
पुढे कोणी नाही,
आणि कोणी नसण्याला एवढं वजन असतं!
हात खालच्या दांडीवर, हनुवटी जवळजवळ स्टेमवर,
एक गिअर खाली, अजून एक,
मग खाली गिअरच उरला नाही.
ओठावर मीठ. पोटऱ्यांवर वाळूचे टोचे.
तो मागे आहे का, बघावं वाटलं;
पण मान वळली की चाकही वळतं.
म्हणून आकडाच बघत राहिले.
अकरा.
अकरा.
साडेदहा नको, बाई, साडेदहा नको.
अकरा.

धक्क्यावर लाल अक्षरं: वाऱ्यामुळे फेऱ्या बंद.
पलीकडे त्यूबोरनच्या क्रेन,
त्यांच्यामागे कुठेतरी बेकरी,
आमच्या नावाचे दोन दालचिनीचे पाव.
व्हिलाद्सने मधल्या खिशातून
दहा फेऱ्यांचं कार्ड काढलं,
कडा भिजून मऊ झालेलं,
बघितलं, परत ठेवलं.
कोपराचा विषय त्याने काढला नाही.
नाक हातमोज्याने पुसलं.
"अकरा म्हणजे फारच कमी झालं ना?" मी.
"आकडा कोण बघतंय," तो म्हणाला.
"मी तुझं चाक बघत होतो."

मग वळलो.
वारा साठ, आम्ही पंचावन्न,
म्हणजे हवा जवळजवळ नाहीच.
गवताची एक काडी बराच वेळ
माझ्या गुडघ्याच्या उंचीवर सोबत आली,
मग कंटाळून पुढे गेली.
पाय नावापुरते. मेंढ्या सर्रकन मागे.
आणि अचानक सगळं ऐकू येऊ लागलं:
टायरची सळसळ, माझ्या बाटलीतलं पाणी,
त्याचा श्वास.
आत घेताना बारीक शिट्टी,
नीट न लागलेल्या खिडकीसारखी.
नऊ वर्षं ही शिट्टी
वाऱ्याखाली दबून होती की काय,
की या हिवाळ्यातली आहे?

"तुझी साखळी," व्हिलाद्स म्हणाला,
ओरडावं लागलं नाही त्याला,
"तेल मागतेय."

"हो," मी म्हटलं. "ऐकतेय मी."