मालकांपैकी एक

वडिलांचं तेरावं झालं, आणि पंचपाळ्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या.
शेजारच्या पटेलांच्या नातवाने उचलल्या,
हळद लागलेल्या.
कुमुदताईला निघाला मांजलपूरचा फ्लॅट,
दुसरा मजला, लिफ्ट नाही.
मला सुटकेसभर शेअर,
त्यातल्या निम्म्या कंपन्यांची नावंही तोवर बदललेली.

तेव्हापासून दर भाऊबीजेला
कारेलीबागेत तिच्या स्वयंपाकघरात
ओवाळून झालं की हिशेब.
मी फोन काढतो, ती वही.

तिची वही: भाडं नऊ हजार, मग अकरा, मग साडेतेरा.
वजा पाण्याची मोटर. वजा घरपट्टी.
वजा दलालाचं एका महिन्याचं.
वजा ते चार महिने, जेव्हा आत कुणीच नव्हतं
आणि ती दर शनिवारी जाऊन
नळ सोडून बसायची,
पाइप गंजू नयेत म्हणून.

माझ्याकडे वजा काही नाही.
माझा आकडा न जेवता वाढतो,
त्याची मोरी तुंबत नाही,
पडला तरी आवाज होत नाही.
एका मार्चमध्ये अर्धा गेला,
बायकोला सांगितलं, पित्त झालंय.

"कागदावर तू पुढे,"
ताई दरवर्षी म्हणते, चिवड्यातले शेंगदाणे वेचत.
"पण मला सांग,
तुझ्या कंपनीत राहतं कोण?"

तिच्याकडे राहतात जिगीशाबेन,
सयाजी हॉस्पिटलात नर्स.
रात्रपाळी असली की दुपारपर्यंत बेल वाजवायची नाही,
हे ताईला पाठ.
त्यांनी हॉलमध्ये नऊ खिळे ठोकले, न विचारता.
ताईने मोजले.
डिपॉझिटमधून कापून घेते, म्हणत तरातरा गेली,
उंधियूचा डबा घेऊन परत आली.

गेल्या वर्षी तो प्रश्न डोक्यातच राहिला.
एका मंगळवारी स्कूटर काढली,
मकरपुरा जीआयडीसीत गेलो.
व्हॉल्व्ह बनवणारी कंपनी,
माझे तिच्यात एकशे चाळीस शेअर,
दोनदा मिळालेला बोनस धरून.

फाटकावर वॉचमन म्हणाला,
"कोनुं काम छे?"
कुणाकडे काम आहे,
हे मलाच ठाऊक नव्हतं.
म्हटलं, मी इथला मालक.
म्हणजे, मालकांपैकी एक.

त्याने मला पाहिलं, मग स्कूटरला.
हसला नाही. खुर्ची दिली,
टेबलफॅन माझ्याकडे वळवला,
स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं.
रजिस्टरात नाव लिहून घेतलं,
'भेटीचं कारण' रकान्यात एक आडवी रेघ.
आत कुठेतरी लोखंड घासलं जात होतं.
मग पाळी सुटली,
डब्यांच्या पिशव्या लटकावून माणसं निघाली,
एकाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली,
ती मात्र अजून दिसते.

हे सगळं यंदा ताईला सांगितलं.
ती आधी खूप हसली,
ठसका लागेपर्यंत.
मग म्हणाली, "मी तरी काय रे,
माझ्याच दाराबाहेर चपला काढून उभी राहते.
बेल एकदाच वाजवते.
आतून विचारतात, कोण?
मी म्हणते, मी.
मालकीण, असं कधी तोंडातूनच आलं नाही."

चिवडा संपत आला, वजाबाकी अर्धी राहिली.
मोटर परत जळलीय, म्हणाली,
मेकॅनिक अकरा हजार सांगतोय.
दुसऱ्या दिवशी थोडे शेअर विकले,
एका बँकेचे.
व्हॉल्व्हवाले नाही विकले, का ते विचारू नका.

पैसे द्यायला गेलो तर घेईना.
"ओवाळणी समज," मी म्हटलं.
तिने वही उघडली, पेनाचं टोपण दातात धरलं,
आणि जमेच्या बाजूला, ठळक,
मला दिसेल असं लिहिलं:
भावाकडून. उसने.