अर्जातला सहावा रकाना

रुवीतल्या एक्स्चेंजच्या खिडकीत
नऊ वर्षं पावत्या फाडतेय मी.
डेटा सायन्सच का? अर्ज विचारतो,
दोनशे शब्दांत.

वृंदा म्हणते, लिही की, मागणी आहे, पगार आहे.
खरंच आहे ते. फी मात्र चार हजार रियाल,
आणि वर्ग संध्याकाळी सातला,
ऐन गर्दीच्या वेळी.

मला आठवतो सुतार मुखलेस.
दर तीन तारखेला पंचेचाळीस रियाल सिल्हेटला,
जूनमध्ये साठ, पोरीची शाळा असणार,
ऑगस्टात वीस.
मग काहीच नाही.
सिस्टीमला खटकलं नाही.
मलाही नाही,
पार डिसेंबर उजाडेपर्यंत.

रिकामी ओळ वाचायची कशी,
ते शिकायचंय.
एवढं लिहिलं, पुसलं.
‘करिअरच्या वाढीसाठी’ टाकलं
आणि पाठवून दिलं.