ओदुओरचा प्रहर

नाम लोल्वेच्या काठी मुलाला नाव देताना
आधी बाहेर बघतात, उजेड कुठवर आलाय.
मध्यरात्र ओलांडून जन्मला तो ओदुओर;
त्याची लेक फटफटताना झाली, म्हणून आमोंदी.
घड्याळं मागून आली.

यंदा पाणी हिरवं झालंय.
शेवाळ म्हणावं तर मुठीत राहत नाही,
रंग म्हणावा तर वास मारतो,
वल्ह्याला चिकटून घरापर्यंत येतो.
आई पाणी उकळते. दोनदा उकळते.
हे विष उकळीला भीत नाही, आमोंदीला ठाऊक आहे,
पण चुलीपाशी घामेजलेल्या बाईला
ते कोणत्या तोंडानं सांगायचं?

किसुमूच्या प्रयोगशाळेत तिच्यापुढे
काचेच्या बशीत हृदयाच्या पेशी, उंदराच्या पिल्लाच्या.
छाती नाही, रक्त नाही,
तरी धडधडतात.
शेजारणीला शेजारीण लागली
की ताल एक होतो, कुणी न शिकवता.
आणि प्रत्येकीच्या पोटात एक घटिकापात्र:
अंधार न बघताच तिला कळतं
रात्र झाली, आता सावकाश.

डुंग्याच्या धक्क्यावरचं पाणी
गाळून, मोजून, एक थेंब.
पहिल्या दिवशी काही नाही.
चहा झाला. वीज गेली, आली.
दुसऱ्या रात्री बशीचा एक कोपरा मागे पडला,
मिरवणुकीतल्या लंगड्या म्हाताऱ्यासारखा.
तिसऱ्या रात्री
एकाच बशीत पहाट होती आणि टळटळीत दुपारही.

तिनं वहीत लिहिलं: ठोके अनियमित.
पुढची ओळ कोरी ठेवली.

बापाला हल्ली झोप भलत्या वेळी येते.
होडीत कंदील, कंदिलाभोवती ओमेनाची झुंबड,
आणि हा वल्ह्यावर पेंगतो;
दुपारी टक्क जागा, हात छातीवर.
"काळजाचा ठोका चुकतो गं," म्हणतो हसून,
"बघ, या वयात कोण आवडलं ते."

एका थेंबावरून सरोवराला बोल लावू नये,
एका बशीवरून बापाचं निदान करू नये,
एवढं ती शिकली आहे.
साठी, तंबाखू, जन्मभराची जागरणं,
दुसरी कारणं तिला पाठ आहेत.
तरी ती कान लावते त्याच्या बरगड्यांना
आणि मोजू लागते.

बाहेर कोंबडा आरवतो, की आरवून गेला.
"किती वाजले?" तो विचारतो,
ज्याच्या नावातच वेळ आहे तो.
"थांब," ती म्हणते,
"बोलू नकोस. आकडा चुकेल."